नातवाची आकाशगंगा



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय झाले, गोमंतकीय रंगभूमी झाली, देवस्थानांचा इतिहास झाला. होमिओपॅथीच्या डॉक्टराला बोलावले म्हणजे तो मधुमेहावर नाहीतर पावसाळ्यातल्या आजारांवर बोलणार, अशी आपली समजूत असणार. चिटणीसांचीही तीच होती. मी विषय कळवला तेव्हा ते फोनवर क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "डॉक्टर, संगणकावरचा खेळ?"

होय, संगणकावरचाच खेळ. तो मी खेळत नाही, माझा नातू खेळतो. तो अकरावीत आहे. माझ्या वयाच्या पुरुषांना रात्री दोनदा उठावे लागते, कारण सांगायला नको. असाच एकदा दोन वाजता उठलो तर त्याच्या खोलीच्या दाराखालून उजेड येत होता. आत जाऊन संगणक बंद करायचा आणि सकाळी त्याच्या बापाशी बोलायचे, एवढे ठरवूनच दार लोटले. पोरगा रडवेला होऊन बसला होता. पडद्यावर काळोख, एका कोपऱ्यात तांबूस ठिपका.

"काय झालं रे?"

"आजोबा, इंधन संपलं."

"कुठे?"

"घरापासून बावीस हजार प्रकाशवर्षांवर."

मी रागवायला गेलो होतो. पण ते 'घरापासून' ऐकले आणि खुर्ची ओढून बसलो. त्यानंतरच्या वर्षभरात जे समजून घेतले ते आज आपल्यापुढे मांडतो.

खेळाचे नाव 'एलिट डेंजरस'. इंग्लंडमधील केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने तो डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला. खेळणाऱ्याला एक छोटे यान मिळते आणि सोबत संपूर्ण आकाशगंगा, खऱ्या मापाची. तीत सुमारे ४०० अब्ज तारे, आपापल्या ग्रहांसह. आपल्या हिशेबात चाळीस हजार कोटी. त्यांतले सुमारे दीड लाख तारे खगोलशास्त्रज्ञांच्या याद्यांतून उचलून आपापल्या जागी बसवलेले आहेत. व्याध तिथे आहे, स्वाती आहे, रोहिणी आहे. बाकीचे तारे संगणकाने रचले, पण मनाला येईल तसे नव्हेत. आकाशगंगेच्या कोणत्या भागात किती द्रव्य आहे, कोणत्या जातीचे तारे किती प्रमाणात सापडतात, यांचे जे नियम शास्त्राला माहीत आहेत त्यांच्या आधाराने.

खऱ्या आकाशगंगेत तारे किती? शास्त्रज्ञ १०० ते ४०० अब्ज म्हणतात. एवढी तफावत ऐकून आपण हसू, पण अडचण खरी आहे. आपण तिच्या आत बसलो आहोत आणि मध्ये धुळीचे ढग आहेत. डिचोलीच्या बाजारात मधोमध उभे राहून, जागचे न हलता, गावात घरे किती ते मोजण्यासारखे हे काम आहे. युरोपच्या 'गाया' या अवकाशयानाने डिसेंबर २०१३ पासून दहा वर्षांहून अधिक काळ हेच केले आणि जवळपास १८० कोटी ताऱ्यांची जागा मोजली. मानवजातीने केलेली ही सर्वांत मोठी शिरगणती, आणि ती होते एकूण ताऱ्यांच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास.

आकडे सांगणे सोपे असते. मी आयुष्यभर बाटल्यांवर '३०' लिहीत आलो. आमच्या शास्त्रात तीस पोटन्सी म्हणजे शंभरात एक, असे तीस वेळा. म्हणजे एकावर साठ शून्ये इतके पातळ. बाराव्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता राहत नाही, असे माझे रसायनशास्त्राचे मित्र मला दर दिवाळीला ऐकवतात. तो वाद इथे नको. सांगायचे एवढेच की अडतीस वर्षे ती साठ शून्ये लिहिणाऱ्याने ती एकदाही मोजून पाहिली नव्हती. मोठ्या संख्येचे असेच होते. ती तोंडाने म्हणून होते आणि ओळख व्हायची राहते.

म्हणून एक दिवस मी नातवाला कुळागरातला मिरीचा दाणा आणून दिला आणि म्हटले, हा आपला सूर्य, आता हिशेब कर. दाणा साडेचार मिलिमीटरचा. तो डिचोलीच्या बसस्थानकावर ठेवला. त्या मापाने पृथ्वी अर्ध्या मीटरपेक्षा किंचित कमी अंतरावर येते, आणि ती इतकी बारीक की डोळ्यांना दिसणार नाही. नेपच्यून साडेचौदा मीटरवर, म्हणजे सगळी ग्रहमाला एका बसच्या आसपासच आटोपली. आता दुसरा दाणा, म्हणजे सर्वांत जवळचा तारा, कुठे ठेवायचा? साखळीला? बेळगावला? नाही, तो कोल्हापुरात येतो. मध्ये सह्याद्री, नद्या, ऊस, माणसे यांतले काही नाही, नुसती पोकळी. असे दाणे ठेवत गेलो तर आकाशगंगा तीस लाख किलोमीटरवर संपते. खरा चंद्र आपल्यापासून जितका दूर आहे, त्याच्या आठपट.

या मापात प्रकाश किती वेगाने चालतो, हे पोराने मला गणित करून सांगितले आणि मी चकित झालो. सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर गोगलगाय सरकते तसा. डिचोलीहून निघालेला प्रकाश सव्वाचार वर्षांनी कोल्हापूरला पोहोचतो. आणि माणसाने पाठवलेले सर्वांत दूरचे यान, १९७७ साली निघालेले 'व्हॉयेजर १'? ते पन्नास वर्षांच्या प्रवासानंतर मिरीच्या दाण्यापासून ऐंशीएक मीटरवर आहे. ते अजून कोल्हापूरच्या रस्त्यालाही लागलेले नाही. आजच्या वेगाने त्याला ते अंतर कापायला सुमारे पंचाहत्तर हजार वर्षे लागतील.

खेळात अर्थातच एवढे थांबावे लागत नाही. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची सोय आहे. ती कल्पित आहे, असे विज्ञान आज कोणाजवळ नाही. पण एका ठिकाणी खेळ रचणाऱ्यांनी अंतर तसेच ठेवले आणि खेळणाऱ्यांत तो थट्टेचा विषय झाला. आपला सर्वांत जवळचा शेजारी मित्र तारा. त्याचा एक लहान सोबती प्रॉक्झिमा त्याच्यापासून ०.२२ प्रकाशवर्षावर आहे. तिथे 'हटन ऑर्बिटल' नावाचे एक स्थानक आहे. नव्या खेळाडूला जुने सांगतात, तिथे जा, मोठे यान फुकट मिळते. बिचारा निघतो. त्या टप्प्यात उडी मारता येत नाही, नुसते चालत राहावे लागते. वेग प्रकाशाच्या दोन हजारपट, तरी दीड तास जातो. पडद्यावर काही घडत नाही, ठिपका मोठा होत नाही. पोहोचल्यावर यान वगैरे काही नसते. माझा नातूही फसला होता. तो म्हणाला, "आजोबा, आकाशगंगा केवढी आहे ते मला त्या दीड तासात कळलं." आमच्या मिरीच्या मापात हे अंतर सात किलोमीटरांपेक्षा थोडे कमी भरते, आणि प्रकाशाच्या दोन हजारपट वेग म्हणजे भरभर चालणारा माणूस. डिचोलीहून साखळीला पायी जाऊन आलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

कंपनीने २०२२ च्या सुमारास हिशेब जाहीर केला. सात वर्षांत जगभरच्या खेळाडूंनी मिळून या आकाशगंगेचा ०.०५ टक्के भाग पाहिला होता, म्हणजे वीस कोटी तारे. याच गतीने सगळे तारे पाहून व्हायला चौदा हजार वर्षे लागतील. एकट्याने मिनिटाला एक तारा, रात्रंदिवस, न जेवता न झोपता पाहिला तर साडेसात लाख वर्षांहून अधिक.

हे ऐकून मी म्हटले, "म्हणजे अनंतच म्हण की." पोराने मान डोलावली. पण मलाच माझे शब्द टोचले. आमच्या तालुक्यात कुडण्याला जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. ज्यांनी तिथे स्वाध्याय केला असेल ते असा ढिला शब्द वापरते ना. जैन परंपरेत संख्येचे तीन वर्ग आहेत: संख्यात, असंख्यात आणि अनंत. त्यांची सरमिसळ चालत नाही. श्वेतांबर आगमांतल्या अनुयोगद्वार सूत्रात काळाची एकके चौऱ्याऐंशी लाखांनी गुणत गुणत 'शीर्षप्रहेलिके'पर्यंत नेली आहेत. चौऱ्याऐंशी लाखाचा अठ्ठावीस वेळा गुणाकार. लिहायला बसलात तर १९४ अंकी संख्या होते. आणि ती संख्यातच! त्यापुढे मोजणी हात टेकते आणि उपमा सुरू होते: एक योजन लांब, रुंद व खोल खड्डा केसांच्या बारीक टोकांनी ठासून भरायचा आणि दर शंभर वर्षांनी एक टोक काढायचे. हे पल्योपम. वडील ते समजावत तेव्हा मी मध्येच विचारायचो, "आणि खड्डा रिकामा झाल्यावर?" ते म्हणत, "झाला ना रिकामा? मग ते अनंत नव्हे."

या कसोटीवर ४०० अब्ज म्हणजे फारच लहान संख्या, बारा अंकी. अनंत म्हटले की डोके सुटते, पुढे काही करायचे राहत नाही. बारा अंकी संख्या मात्र पायाखाली घ्यावी लागते. नातवाला मी हे सांगितले तेव्हा त्याने दुसऱ्या एका खेळाचे नाव काढले, 'नो मॅन्स स्काय', २०१६ सालचा. त्यात ग्रहांची संख्या दोनाचा चौसष्टावा घात. आपल्याला ही संख्या ओळखीची आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी राजाला फसवणारी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. चौसष्ट घरांची बेरीज या संख्येहून एका दाण्याने कमी. सेकंदाला एक ग्रह पाहिला तरी ५८४ अब्ज वर्षे लागतील. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे आहे. संख्येच्या हिशेबाने हा खेळ पहिल्याच्या कोट्यवधी पट मोठा. तरी मला पहिलाच मोठा वाटतो, कारण त्यातला रोहिणीचा तारा मी अंगणातून पाहिलेला आहे.

एवढे सगळे एका संगणकात मावते कसे, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. ते साठवलेले नसतेच. १५ ऑगस्ट २५०० रोजी वार कोणता? ते दिनदर्शिका अजून कोणी छापलेली नाही, तरी नियम माहीत असेल तर कागद-पेन्सिलीने वार काढता येतो: रविवार. म्हणजे त्या वर्षी सुटी बुडणार. तुम्ही काढा, मी काढीन, पेडण्यात काढा की पॅरिसमध्ये, उत्तर रविवारच. खेळातला तारा असाच आहे. ताऱ्याची जागा हा एक आकडा, त्यावर नियम चालवला की ताऱ्याची जात, ग्रह, त्यांचे चंद्र, सगळे निघते. तुम्ही जवळ गेलात की गणित होते आणि निघून गेलात की पुसले जाते. पुन्हा गेलात, किंवा ब्राझीलचा कोणी गेला, तर तेच ग्रह, तोच डोंगर.

ही युक्ती जुनी आहे. १९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी पहिला 'एलिट' लिहिला, तो अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रावर. आपल्या सकाळच्या शुभेच्छांचा एक फोटो याहून मोठा असतो. एवढ्यात त्यांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ तारे बसवले. खरे तर त्यांच्या नियमातून २८२ लाख कोटी आकाशगंगा निघत होत्या. प्रकाशकांनी हात जोडले: एवढ्या दिल्यात तर लोकांना त्या खोट्या वाटतील.

आता त्या रात्रीकडे येतो. यानाचे इंधन म्हणजे हायड्रोजन, आणि तो ताऱ्याच्या बाहेरच्या थरातून भरून घ्यायचा. पण सगळ्या ताऱ्यांपाशी भरता येत नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या सात जातींचेच तारे चालतात. ही जातवारी खेळाची नव्हे, खऱ्या खगोलशास्त्राची आहे. हार्वर्ड वेधशाळेत ॲनी जम्प कॅनन या बाईंनी लाखो तारे नजरेखालून घालून ती पक्की केली, आणि तिच्यामागे ताऱ्यांचे तापमान कसे आहे याचे उत्तर १९२० साली आपल्या मेघनाद साहांच्या समीकरणाने दिले. आपला सूर्य जी जातीचा. पोराला हे सगळे पाठ होते. पण आकाशगंगेच्या केंद्राकडे जाताना तो घाई करत गेला आणि ओळीने तपकिरी खुज्यांच्या वस्तीत शिरला. हे धुमसून राहिलेले, पेट न घेतलेले तारे; त्यांच्यापाशी इंधन मिळत नाही. तीन महिन्यांचा प्रवास, वाटेत पाहिलेल्या हजारो ताऱ्यांची नोंद यानात, आणि टाकी कोरडी. यान नष्ट झाले तर नोंदी गेल्या.

"मग आता?" मी विचारले. तो म्हणाला, "उंदरांना हाक मारलीय."

खेळाडूंचा एक गट आहे, 'फ्युएल रॅट्स'. २०१५ पासून ते एवढेच काम करतात: कोणी इंधनाविना अडकला की टाकी भरून त्याच्यापर्यंत जायचे. मोबदला नाही, ओळखपाळख नाही. त्यांनी पोराला पहिली सूचना दिली ती डॉक्टरने द्यावी तशी: घाबरू नकोस, यानातला प्राणवायू संपण्याआधी खेळातून बाहेर पड, आम्ही पोहोचलो की आत ये. त्यांचा माणूस दोन दिवसांनी पोहोचला. कुठल्या देशातला ते नातवाला आजही माहीत नाही. ठरल्या वेळी हा आत गेला, त्याने इंधन दिले, चार शब्द बोलला आणि निघून गेला. मी मागे उभा होतो. चाळीस हजार कोटी ताऱ्यांत दोन यानांची गाठ पडली, तीही एकाने पत्ता नीट सांगितला आणि दुसरा त्या पत्त्यावर गेला म्हणून. घरी संगणकावर बंदी आणण्याचा माझा विचार तिथे संपला. रात्री अकरानंतर नाही, एवढा नियम मात्र केला. तो तो बऱ्यापैकी पाळतो.

२०१९ च्या जानेवारीत तेरा हजारांहून अधिक खेळाडू एकत्र निघाले होते, आकाशगंगेच्या पलीकडच्या काठाला, सूर्यापासून पासष्ट हजार प्रकाशवर्षांवर. वाटेत मुक्काम ठरलेले, मागे राहिलेल्यांना घेऊन येणारे वेगळे. मला ते वर्णन ऐकून वारीच आठवली. काठावर पोहोचल्यावर पुढे काय, असे मी विचारले. पुढे काही नाही. देवयानी आकाशगंगा पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर दिसते, पण तिथे जाता येत नाही. खेळात आकाशगंगा एकच आहे.

खऱ्या विश्वात तसे नाही, आणि इथे मला नार्व्याचा सप्तकोटीश्वर आठवतो. शिवाजी महाराजांनी १६६८ साली ज्याचे मंदिर पुन्हा उभारले, तो आपल्या तालुक्यातला देव. सात ऋषींनी सात कोटी वर्षे तप केले म्हणून हे नाव, अशी कथा आहे. सात कोटी वर्षांत प्रकाश आपली आकाशगंगा सातशे वेळा ओलांडेल. कन्या राशीत आकाशगंगांचा एक मोठा समूह आहे. त्याचा आज दिसणारा प्रकाश साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे ऋषींचे तप संपण्याआधीच आपल्याला पोहोचला असता. आणि २०१७ साली पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह 'सरस्वती' नावाचा जो महासमूह शोधला तो चारशे कोटी प्रकाशवर्षांवर. तिथे सप्तकोटीही अपुरे.

एकदा नातवाने मला पडद्यावर रोहिणीपाशी नेले, पासष्ट प्रकाशवर्षांवर, आणि म्हणाला, "आता आपला सूर्य शोधा." मी चष्मा पुसून शोधला. सापडेना. खरोखरच, पंचावन्न-साठ प्रकाशवर्षांपलीकडे गेले की आपला सूर्य नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो. आकाशगंगेच्या लाख प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यात एवढ्या जवळ असतानाच.

मग मीही म्हटले, आता माझी पाळी. माझे बालपण पेडण्यात गेले. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण, त्यामुळे रात्र लांबलचक असे. अंगणात चटईवर पडल्या पडल्या आकाशगंगा दिसे; तिच्यासाठी कुठे जावे लागत नसे. पेडण्याच्या पुनवेला गाव लोटायचे, पण आम्हा मुलांना अवसेचे आकाशच आवडे. शनीची कडी मी पुढे पणजीला जुन्ता हाऊसच्या गच्चीवर दुर्बिणीतून पाहिली, पण आकाशगंगा घरचीच. सर्वपित्रीच्या अवसेला मी नातवाला त्याच सड्यावर घेऊन गेलो. आकाश निरभ्र होते. क्षितिजाभोवती सगळीकडे पांढुरका उजेड, आणि डोक्यावर मोजून शंभर-सव्वाशे तारे. पट्टा कुठेच नव्हता. मी "इथेच होती, इथेच होती" म्हणत मान फिरवत राहिलो. पोरगा काही बोलला नाही. मला वाईट वाटू नये म्हणून, हे माझ्या लक्षात आले.

२०१६ साली शास्त्रज्ञांच्या एका गटाने जगाच्या कृत्रिम उजेडाचा नकाशा प्रसिद्ध केला. जगातल्या एकतृतीयांश लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. दिव्याचा जो उजेड खाली रस्त्यावर पडायचा तो वर सांडतो आणि हवेतल्या धुळीवर पसरतो, एवढेच कारण. म्हणून इलाजही साधा: दिव्याला वरून टोपी, आणि गरजेपुरताच दिवा. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने आसपासच्या गावांसह हे केले आणि २०२४ च्या जानेवारीत तो देशातला पहिला मान्यताप्राप्त काळोखी आकाशाचा उद्यान-परिसर ठरला. आपल्या सोप्यावर रात्रभर जळणारे दिवे कोणाला उजेड देतात, हे आज घरी गेल्यावर एकदा बाहेर उभे राहून पाहावे.

चैत्री अवसेला आम्ही पुन्हा निघालो, या वेळी चोर्ला घाटात. रात्रीचे दोन वाजले होते. गाडीचे दिवे मालवून ताडपत्री अंथरली आणि डोळे सरावायला वीस मिनिटे थांबलो. मग दक्षिणेला वृश्चिक दिसला, त्याच्या शेपटीत मूळ नक्षत्र, आणि तिथूनच तो पट्टा वर चढत गेलेला, मधोमध काळ्या भेगा असलेला. मी साठ वर्षांपूर्वी पाहिला होता तसाच. पोराने तो जन्मात पहिल्यांदा पाहिला. पण त्याला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. काळ्या भेगा म्हणजे धूळ, हे त्यानेच मला सांगितले. केंद्र कुठे ते सांगितले. मुळाच्या डावीकडे, धनु राशीच्या कडेला. मग बोट थोडे अलीकडे आणून हवेत धरले.

"आजोबा, मी तिथे अडकलो होतो."